मीठ बघायला माणूस

बंगाली माणसांविषयी माझं मत चांगलं नव्हतं, आणि त्याला कारण एक सुरमई होती.

रत्नागिरीला मी बँकेत होते, तेव्हा आमच्या शाखेत एक बंगाली साहेब बदलून आले. एकटे होते, खानावळीचं जेवून कंटाळले होते, म्हणून यजमान म्हणाले, बोलाव त्यांना रविवारी. सकाळी उठून हे स्वतः बंदरावर गेले, पारखून सुरमई आणली, स्वतः कापली. मी तुकड्या तळल्या, कालवण केलं. साहेब पोटभर जेवले, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "अच्छा है. मगर समुद्र का मछली में वो मिठास नहीं होता, जो नदी का मछली में होता है." यजमान मोठ्याने हसले. मी काही हसले नाही. नदीतला तो चिखलाचा वास मारणारा मासा कुठे आणि आमची सुरमई कुठे! त्या दिवशी अख्खा बंगाल माझ्या मनातून उतरला आणि पुढे कित्येक वर्षं मी त्याला वर चढू दिलं नाही.

तो चढला कुवेतमध्ये, आणि तोही माशावरूनच.

कुवेतला माझा मुलगा आणि सून असतात. मुलगा अहमदीला तेलकंपनीच्या एका कार्यालयात हिशेबाचं काम बघतो, सून शर्कला बँकेत आहे. दोघं राहतात फहाहीलला, समुद्रापासून चालत जाता येईल अशा एका उंच इमारतीत. यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी, तिथला उन्हाळा नुकता चढायला लागला होता तेव्हा, मुलाने मला तिकडे नेलं. "चार महिने हवापालट" असं तो सगळ्यांना सांगत होता. खरं म्हणजे त्याला मला खायला घालायचं होतं. माझ्या बांगड्या मनगटावर न राहता कोपराकडे जायला लागल्या होत्या, ते त्याने व्हिडिओ कॉलवर बघितलं होतं.

मी जेवत नव्हते असं नाही. मी मासे खात नव्हते. कोकणातल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

तसा आमच्यात काही नियम नाही. नवरा गेला म्हणून बाईने मासे सोडायचे, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. दिवसकार्य आटपल्यावर जाऊबाईंनीच कालवण करून माझ्या पानात वाढलं होतं. मी भातात बोटं घातली आणि उठले. का, ते सांगायला सोपं आहे आणि ऐकायला हास्यास्पद आहे.

आमच्या घरात मासे हे यजमानांचं खातं होतं. आणायचे त्यांनी, साफ करायचे त्यांनी. शिजवायचं काम माझं. कालवणाला उकळी आली की हे मागून यायचे आणि तळहात पुढे करायचे. मी त्यावर चमचाभर कालवण घालायचं. हे भुरकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी आहे गो." दर वेळी. मीठ बेताचं असलं तरी. नवी होते तेव्हा मी मुकाट्याने मीठ वाढवायची, आणि जेवताना घरदार पाणी पीत बसायचं. मग माझ्या लक्षात आलं, की ह्यांना मीठ नको असतं, दुसरा चमचा हवा असतो. तेव्हापासून मी मिठाच्या बरणीत बोटं घालायची, रिकामीच चिमूट पातेल्यावर धरून चोळायची आणि म्हणायची, "आता बघा." दुसऱ्यांदा भुरकून हे म्हणायचे, "हां, आता जमलं." माझी चिमूट रिकामी असते हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते गेल्यावर पातेल्याशी मागून कुणी येईना. कोण मला विचारील की मासे का सोडलेस, तर त्याला काय सांगू, की मीठ बघायला माणूस नाही म्हणून?

तर कुवेतला गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी मुलाने बाजारातून झुबैदी आणली. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, आणि तिथल्या लोकांचा त्याच्यावर आपल्याइतकाच जीव. सून पुण्याची, शाकाहारी. तिच्या हातून मासे होण्यासारखे नव्हते. मुलाने पिशवी ओट्यावर ठेवली आणि लहानपणी शाळेतून बक्षीस घेऊन यायचा तसा उभा राहिला. मी पिशवी उघडली. पापलेटं चांगली होती, कल्ले लालभडक. मी पिशवी बंद केली आणि म्हटलं, "कुणाला तरी देऊन टाक रे."

तो पिशवी उचलून समोरच्या घरात देऊन आला. समोर कोण राहतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बंगाली आहेत." मी मनात म्हटलं, घ्या, तिथेही हजर.

त्यानंतर त्याने घरात मासे आणले नाहीत. पण आठ-पंधरा दिवसांत मला एक गोष्ट कळली. मुलगा कामावरून येताना लिफ्टचा आवाज व्हायचा, आणि मग बऱ्याच वेळाने आमची बेल वाजायची. आत आला की थेट मोरीत, आणि साबणाने हात धू धू धुवायचा. वर लिंबू चोळायचा. कोकणातल्या बाईपासून माशाचा वास लपवायला निघाला होता तो. समोर जाऊन जेवून येत होता आणि मग आमच्याबरोबर वरणभात चिवडत बसत होता. मला त्याची दया आली, रागही आला. सगळ्यात जास्त राग आला तो समोरच्या घराचा. माझ्या पोराला मासे खायला घालणारं हे कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी एक बाई उभी. पांढरं पातळ, बारीक काठ, हातात झाकलेली वाटी. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि हिच्या कानांवरून मफलर गुंडाळलेला. आमच्या पॅसेजमध्ये एसी होता ना, म्हणून. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी मोकळी मान पाहिली, बांगड्या पाहिल्या आणि विचारलं, "खेयेछो?" मग माझा चेहरा बघून हिंदीत, "खाना खाया?"

सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हटलं, "अभी? अभी तो चाय हुआ."

"चाय खाना नहीं है," ती म्हणाली आणि वाटी माझ्या हातात देऊन निघून गेली.

तिला सगळे मासीमा म्हणत. मुलगाही तेच म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. तिचा मुलगा मीना अब्दुल्लाकडे कारखान्यात इंजिनीअर होता, आणि सून बाळंतपणाला कोलकात्याला माहेरी गेलेली. घर चालवायला म्हणून ती आलेली. वाटीत कारलं, वांगं, शेवगा, कच्चं केळं असं बरंच काही एकत्र शिजवलेलं होतं, दुधाचा हात लावलेलं, किंचित कडू. कांदा नाही, लसूण नाही. मी खाल्लं. चांगलं होतं म्हणायला जीव होत नव्हता, पण चांगलं होतं.

रिकामी वाटी परत द्यायची आपल्यात पद्धत नाही. मी घावन घालून पाठवले. दुसऱ्या दिवशी वाटीतून पनीरसारखं काहीतरी आलं, पण पनीरपेक्षा मऊ. मी काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली. त्या दोन दारांमधली वाटी मग बंद म्हणून झाली नाही. जे यायचं ते कांदा-लसणीशिवायचं आणि माशाशिवायचं. तिच्या घरातून तर रोज मोहरीच्या तेलात तळल्या जाणाऱ्या माशांचा वास आमच्या दाराच्या फटीतून आत यायचा. म्हणजे मासे माझ्या मुलाला, आणि मला भाज्या! मी ठरवून टाकलं, की बाई आपल्याला घाटावरची समजते.

आमचं बोलणं हिंदीत चालायचं, आणि दोघींच्याही हिंदीवर हसण्यासारखं दोघींकडे पुष्कळ होतं. तिच्या हिंदीत बाईसुद्धा "जाता है" आणि बुवासुद्धा "जाता है". माझ्या हिंदीत "मेरेको" शिवाय वाक्य सुरू होत नाही. दुपारी चारच्या सुमाराला ती येऊन बसायची. खसखस इथे आणू देत नाहीत याचं तिला फार दुःख होतं. त्यावर तिने एकदा तासभर काढला असेल. लिफ्टने खाली निघाले, तर आपला मफलर काढून न विचारता माझ्या कानांना गुंडाळायची, "ठंडा लग जाएगा." बाहेर भट्टी पेटलेली. मी मफलर हातात धरून खाली उतरायची आणि परत वर आणायची.

शुक्रवारी तिच्याकडे चार-सहा बंगाली मंडळी जमायची. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी सुनेला म्हटलं, "भांडणं लागली वाटतं समोर, जा बघ." सून हसली, म्हणाली, "आई, त्या गप्पा आहेत." मासीमाने मलाही त्यांत नेऊन बसवलं. मला अवाक्षर कळत नव्हतं. पण प्रत्येक जण दोन वाक्यं बंगालीत भांडला, की तिसरं माझ्याकडे वळून हिंदीत सांगायचा, मी बाजूला पडू नये म्हणून. एकाने तर एका वादाचा निकाल माझ्याकडे मागितला. वाद होता गूळ कुठल्या महिन्यातला चांगला यावर. मी निकाल दिला, आणि हरलेल्या माणसाने मला हात जोडले. कुठल्या गावाला पाहुणी म्हणून गेल्यावर इतक्या चटकन कुणी आपल्याला भांडणात घेत नाही. मला ते फार आवडलं, आणि सुरमईवाले साहेब मनातल्या मनात थोडे माफ झाले.

मग एक दिवस मी दार उघडलं तर पॅसेजमध्ये मासीमा चमचा घेऊन उभी. समोर इमारतीचा रखवालदार. त्याला तिकडे हारिस म्हणतात. हा हारिस इजिप्तचा, दांडगा माणूस. ती त्याच्या तळहातावर माशाचा रस्सा घालत होती. त्याने तो चाटला आणि म्हणाला, "तमाम, तमाम." म्हणजे उत्तम. ती समाधानाने आत वळली.

मी विचारलं, "ये क्या?"

"नमक," ती म्हणाली. "बहू था तो बहू देखता था. अब कौन देखेगा? लड़का ऑफिस में."

"तुम खुद देखो ना."

ती माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाने काही विचारल्यावर हसावं तशी. मग आमच्याकडे येऊन बसली आणि तिने सांगितलं. नवरा गेला तेव्हा मुलगा पाळण्यात होता. त्या दिवसापासून मासा बंद. मासा, कांदा, लसूण, मसूर, सगळंच. सासूही विधवा होती, तिने आपल्या शेजारी तिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं आणि संपलं. पुढे मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, त्याने हातापाया पडून सांगितलं, मा, आता खा, आता कोण बघतंय. पण तिला गिळवेना. "जीभ भूल गया," ती म्हणाली. घरातल्यांसाठी मात्र ती उभं आयुष्य मासे करत आली. आधी आपलं निरामिष शिजवून बाजूला ठेवायचं, मग मासे. मीठ वासावर घालायचं. आणि खात्री करायला कुणाच्या तरी तळहातावर चमचाभर.

"और सब लोग बोलता है, ठीक है, ठीक है," ती म्हणाली. "हारिस भी. कौन सच बोलता है, मालूम नहीं."

मला पाणी आणायला म्हणून उठावं लागलं. तळहात, चमचा आणि मीठ यांच्यावरून माझ्या घरी काय चालायचं ते मी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं. पण एक विचार येऊन गेला, की ही हारिसला बोलावते, समोरचं माझं दार वाजवत नाही. माझ्या तळहातावर चमचा कधी नाही. का, ते तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

ते कळलं शर्कच्या मासळीबाजारात. तिच्या मुलाला त्या शुक्रवारी कारखान्यात कामावर जायचं होतं, म्हणून माझ्या मुलाने तिला गाडीतून नेलं, आणि मला म्हणाला, तूही चल, समुद्र तरी बघ. मी गेले, पण आत गेले नाही. दाराशी उभी राहिले. बाहेर लाकडी होड्या नांगरून ठेवलेल्या, आत बर्फावर ओळीने मासे, आणि वास आमच्या बंदरावरचा. विकणारे बरेचसे बांगलादेशी. मासीमाने एकाला काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, आणि तिने दोन्ही हात गालांना लावले. तिच्या वडिलांच्या जिल्ह्यातला निघाला तो. वडील ते गाव सोडून आलेले, तिने ते कधी पाहिलेलंही नव्हतं. त्या माणसाने गिऱ्हाईक बाजूला ठेवलं, तिला बसायला उलटी बादली दिली, आणि दोघं बोलत राहिली. माझा मुलगा पिशवी धरून उभा. शेवटी विक्रेत्याने बर्फाखालून चांदीसारखा झळझळीत एक मासा काढला. इथे त्याला सबूर म्हणतात. तिने त्याला नमस्कार करावा तसा हात लावला. तिचा इलिश तो, बंगाल्यांचा जीव की प्राण असलेला हिलसा. नदीत चढणारा, पण राहणारा समुद्रात. म्हणजे गोडवा कुणाचा हा वाद तिथेच मिटला, पण ते सांगायला साहेब नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा पिशवी तिने माझ्या उलट्या बाजूला धरली होती. गाडीपाशी आल्यावर पिशवी मागे सामानात टाकायला लावली. मग बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, साबणाची वडी पदरात बांधून आणली होती ती लावून पुन्हा धुतले, वास घेऊन बघितला, आणि मग कुठे माझ्याशेजारी बसून माझा हात हातात घेतला.

"क्यों इतना धोया?" मी विचारलं.

"तुमको छूना है ना," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला ती घाटावरची समजत नव्हती. ती मला तिच्यासारखीच समजत होती. माझी मोकळी मान पहिल्या दिवशी बघितली तेव्हाच तिने ठरवून टाकलं, की या बाईलाही नियम आहे. म्हणून माझ्यासाठी रोज वेगळी वाटी, वेगळं पातेलं. म्हणून तो चमचा कधी माझ्या हातावर नाही. माशाबद्दल एक शब्द कधी माझ्यापुढे नाही, मला त्रास होईल म्हणून. मुलाला परस्पर जेवू घालून लिंबू चोळायला लावणारीही तीच असणार. इतके दिवस या बाईने मला एवढं सांभाळलं होतं, आणि मी मात्र मनात सुरमई धरून बसले होते.

मुलाला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "मासीमा, हमारे में ऐसा कुछ नहीं होता. आई को किसीने मना नहीं किया. वो खुद ही नहीं खाती."

मासीमाने माझा हात सोडला.

फहाहील येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, वाळू आणि दिव्यांचे खांब. लिफ्टमध्ये तिने मफलर स्वतःच्याच कानांना गुंडाळला. आमच्या मजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"हमको तो कोई पूछा नहीं था," ती म्हणाली. "तुमको तो कोई रोका नहीं!"

आणि दार लावून घेतलं.

मी घरात आले आणि खूप चिडले. मुलावर चिडले, तू कशाला तोंड उघडलंस म्हणून. तिच्यावर चिडले. माझ्या दुःखाशी हिचा काय संबंध? मी खाईन नाहीतर टाकीन. मुलगा ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "आई, बाबा गेले. मला वाटतं, त्यांच्यामागोमाग आता तूही थोडी थोडी जातेयस. मला तेवढं बघवत नाही. बाकी मासे खा, नको खाऊ, मला काही नाही." तो त्याच्या खोलीत गेला. एवढा मोठा झालेला माझा मुलगा, त्याला रडताना मी बापाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं.

त्या दुपारी बेल वाजली नाही. चार वाजले, साडेचार वाजले. समोरची वाटी माझ्याच ओट्यावर होती, धुऊन उपडी घातलेली. वाटीत घालायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि रिकामी न्यायची पद्धत नाही. मोहरी वाटल्याचा वास आमच्या दाराच्या फटीतून यायला लागला होता. मी दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिने सहन केलेलं सगळं माझ्यापुढे उभं राहत होतं. वेगळं पातेलं, सासू, पाळण्यातला मुलगा. तिच्या पुढ्यातलं तिच्या हातातून काढून घेतलं गेलं. माझ्या पुढ्यात सगळं वाढलेलं होतं आणि मीच पाट सरकवून उठले होते. ज्या बाईला उपाशी ठेवलं, तिच्यासमोर मी ताट लोटत होते. तिला राग येणार नाही तर काय होणार?

शेवटी मी वाटी तशीच, रिकामी उचलली आणि समोरची बेल वाजवली. इतक्या दिवसांत मी तिची बेल वाजवण्याची ती पहिली वेळ.

दार नुसतंच लोटलेलं होतं, ढकलून मी आत गेले. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी आले हे तिला कळलं, पण वळली नाही. "बोसो," म्हणाली. मी बसले नाही. ओट्यावर एका बाजूला तिचं स्वतःचं झाकून ठेवलेलं होतं, दुधी असावा. गॅसवर पिवळाधमक रस्सा रटरटत होता, त्यात चिरलेल्या हिरव्या मिरच्या, आणि माशाच्या तुकड्या.

"गुस्सा है?" मी विचारलं.

"है," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मेरेको खाने को डर लगता है. खाया तो वो सच में गया, ऐसा लगता है." हिंदीत सांगायचं म्हणून एवढंच सांगता आलं. मराठीत मी हेही कुणाजवळ बोलले नसते.

ती वळली. तिचे डोळे मोहरीच्या वाफेने लाल झाले होते की कशाने, ते तिचं तिला ठाऊक. तिने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"चला गया, बोन," ती म्हणाली. बोन म्हणजे बहीण. "खाने से भी गया, नहीं खाने से भी गया. हम तो नहीं खाया. हमारा क्या वापस आया?"

मी म्हटलं, "तुम भी खाओ. दोनों खाएँगे."

ती जोरजोराने मान हलवायला लागली आणि चक्क हसली. "ये जनम में नहीं. हमारा हो गया. तुम खाओ, हम देखेगा."

तिने चमचा उचलला. रस्सा घेतला, फुंकर घातली. मग थांबली. माझ्या हातात वाटी होती, ती तिने काढून घेऊन बाजूला ठेवली, आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. हात पुढे कर, असं ती म्हणाली नाही. मी तळहात पुढे केला.

गरम होता. मोहरीचा ठसका नाकात गेला. मागून माशाची चव आली. आमच्याकडच्या कुठल्याच माशासारखी नाही, आणि तरी मासाच. मी डोळे मिटले. ते मी मिटले नाहीत, मिटले गेले. इतक्या महिन्यांत घशाखाली असं काही उतरलं नव्हतं.

"नमक?" तिने विचारलं. "सच बोलो. ठीक-ठीक मत बोलो."

मीठ अगदी बेताचं होतं. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

मराठीतच निघालं तोंडातून. शब्द तिला कळला नसेल, पण मी बरणीकडे मान केली ती कळली. ती माझ्याकडे बघत राहिली. सगळं आयुष्य नुसत्या वासावर मीठ घातलेली बाई. आपल्या पातेल्यात काय आहे आणि काय नाही, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिने मिठाच्या बरणीत बोटं घातली, चिमूट पातेल्यावर धरली आणि चोळली. मी पातेल्यातच बघत होते. बोटांतून काहीही पडलं नाही.

"अब देखो," ती म्हणाली.

मी पुन्हा हात पुढे केला.